लेकाचे उपचार योजनेतून, पण घर कशातून चालवायचं?

धायरीफाटा
बऱ्याच वर्षांनी इथे लिहितेय. धाकटा सात वर्षांचा, त्याला रक्ताचा कॅन्सर आहे, एएलएल. सुरुवातीचा सगळ्यात वाईट टप्पा पार पडला. आता मेंटेनन्स चालू आहे. म्हणजे रोज रात्री गोळी, आठवड्यातून एकदा दुसऱ्या गोळ्या, महिन्यातून पाच दिवस स्टिरॉइड, ठरल्या दिवशी काऊंट, म्हणजे रक्तातल्या पेशींची तपासणी, आणि अधूनमधून पाठीतलं इंजेक्शन. डॉक्टर म्हणाले, सगळं मिळून अडीच-तीन वर्षं धरून चाला. मूल छान आहे, भांडतं, केस पण यायला लागलेत.

उपचार पुणे स्टेशनच्या बाजूच्या हॉस्पिटलमध्ये चालू आहेत आणि सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेत बसले, त्यामुळे हा धागा हॉस्पिटलच्या बिलाचा नाही. भेटेल तो विचारतो, 'बिल किती झालं?' बिलाचं भागलं हो. बिलाच्या आजूबाजूला जे जातं ते भागत नाहीये. रिक्षा, कँटीन, बाटलीचं पाणी, योजनेत न बसलेली एखादी तपासणी, आणि सगळ्यात जास्त म्हणजे खाडे. नवरा शिरवळला कंपनीत आहे, हातात २६ हजार येतात आणि सुट्टी घेतली की तेवढे कापले जातात. पगार २१ हजारांच्या वर गेला तेव्हा पेढे वाटले होते, पण ईएसआयसी, म्हणजे कामगारांचा आरोग्य विमा, त्या पगारावर सुटली. मी एका हार्डवेअरच्या दुकानात हिशेब लिहायचे, ते बंद आहे. घरभाडं नऊ हजार. थोरली आठवीत. सासूबाई गावाहून आल्यात, पण गुडघ्यांमुळे जिना उतरत नाहीत.

प्रवास आणि खाण्याचा खर्च कसा बसवायचा? दुकानाचे मालक म्हणतात घरून काम करा, पैसे निम्मे देईन, ते घेऊ का? आणि थोरलीकडे अजिबात बघणं होत नाहीये, त्याचं काय करू? ज्यांनी यातून घर चालवलंय त्यांनी लिहा. 'देवावर श्रद्धा ठेवा' हे लिहू नका, ती आहे.

मंडईतली_मावशी
शेवटची ओळ आवडली. बाळाला आशीर्वाद.

स्टिरॉइडच्या दिवसांत भूक कशी आहे? माझ्या भाचीच्या मुलीचं बघितलंय म्हणून विचारते.

धायरीफाटा
मावशी, विचारू नका. रात्री अडीचला उठून 'बटाटावडा' म्हणून रडतो. वडा दिला की दोन घास खातो आणि 'हा नाही, गाडीवरचा' म्हणतो. गाडीवरचा चालत नाही. मग मी उरलेले वडे खाते. वजन माझं वाढलंय.

मंडईतली_मावशी
मग ऐक. त्या पाच दिवसांची तयारी आधीच्या रविवारी करून ठेवायची. बटाटे उकडून फ्रीजमध्ये, नाचणीचं पीठ भाजून डब्यात, इडलीचं पीठ तयार. रात्री गरम गरम द्यायचं. मीठ कमी सांगितलं असेल ना? मग लिंबू-जिरं-धणे वाढव, पोरांना कळत नाही. डब्यातल्या महागड्या पावडरींच्या मागे लागू नकोस. आहारतज्ज्ञ बाईंना विचार, नव्वद टक्के वेळा त्या अंडं, डाळ, पनीर यावरच येतात. भाजी संध्याकाळी उशिरा मंडईत स्वस्त पडते, पण याच्यासाठी सकाळची ताजी आणि बाकीच्यांसाठी संध्याकाळची असा भेद केलास तरी चालेल. आम्ही केला. कोणी मेलं नाही.

रात्रपाळी
मी लहान मुलांच्या कॅन्सर वॉर्डात बरीच वर्षं सिस्टर होते. ताई, तुमचा प्रश्न बरोबर आहे. लोक उपचारांच्या खर्चाने जेवढे मोडत नाहीत तेवढे या वरच्या खर्चाने मोडतात, आणि योजना मिळाली म्हणून तो कोणाला दिसतही नाही. जमेल तसं लिहिते.

सगळ्यात आधी तापाचे पैसे. ताप १००.४ च्या वर गेला की हॉस्पिटल गाठायचं, पॅरासिटामॉल देऊन 'सकाळी बघू' नाही, हे तुम्हाला सांगितलेलं असणारच. ताप येतो रात्री. तेव्हा रिक्षावाला मागेल ते द्यावं लागतं, एटीएम शोधायला वेळ नसतो. एका पाकिटात रोख बाजूला काढा, त्यावर 'ताप' लिहा आणि गॅसचा सिलेंडर संपला तरी त्याला हात लावू नका. शेजारीच पिशवी भरलेली: फाइल, योजनेचे कागद, चादर, चार्जर, मुलाचे दोन कपडे, तुमचाही एक ड्रेस. आया स्वतःचा ड्रेस हमखास विसरतात आणि मग नवऱ्याचा आणखी एक खाडा होतो तो आणून द्यायला.

दुसरं, काऊंट. तुमच्या डॉक्टरांना विचारा की आदल्या दिवशी घराजवळच्या लॅबमध्ये सीबीसी करून रिपोर्ट फोनवर पाठवला तर चालेल का. काही ठिकाणी चालतं. तपासणीचे दोन-तीनशे जातील, पण काऊंट कमी म्हणून प्रोसिजर पुढे ढकलायची असेल तर ते घरीच कळतं. धायरीहून स्टेशनच्या बाजूला जाऊन-येऊन रिक्षाचे पाचशेच्या आसपास होतात आणि पूर्ण दिवस जातो.

प्रवासाचं असं: काऊंट चांगले असतील आणि डॉक्टरांची हरकत नसेल तर दुपारची बस, मास्क लावून, खिडकीशी. पाठीतल्या इंजेक्शनच्या दिवशी बस नकोच. झोपेचं औषध देतात, नंतर आडवं ठेवतात, पोर आंबलेलं असतं. तिथे पैसे वाचवू नका.

निवांत_नाना
सिंहगड रोडने संध्याकाळी बस असो की रिक्षा, वेळ तेवढाच. निदान बसमध्ये मीटर पळताना दिसत नाही.

खडकवासला_हवा
नानांशी सहमत :) पण एक खरंच सुचवतो. येताना मेट्रोने स्वारगेटपर्यंत या. दुपारी डबे रिकामे असतात. रिक्षा फक्त स्वारगेट ते धायरी करा. खर्च बराच कमी होतो आणि पोरं मेट्रोत खूश असतात. माझा पुतण्या तर 'पुढील स्थानक' ऐकायलाच बसतो.

लेखापाल
कागदांबद्दल. ही योजना २०१२ साली जीवनदायी नावाने सुरू झाली, २०१७ पासून सध्याचं नाव आहे. आता मर्यादा कुटुंबाला वर्षाला ५ लाख. *कुटुंबाला*, हे लक्षात घ्या. सासूबाईंचं नाव तुमच्याच रेशनकार्डावर असेल आणि त्यांना योजनेतून काही करायचं निघालं तर तेही याच पाच लाखांतून जातं. वापर किती झाला ते आरोग्यमित्राला, म्हणजे हॉस्पिटलमध्ये योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला, दर वेळी विचारून फाइलच्या पहिल्या पानावर लिहीत चला.

योजनेत न बसणाऱ्या तपासण्यांसाठी: हॉस्पिटल धर्मादाय असेल तर तिथे १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव असतात. उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेली योजना आहे. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत मोफत, ३ लाख ६० हजारांपर्यंत सवलतीत. २६ हजार हातात, म्हणजे तुम्ही दुसऱ्यात बसण्याची शक्यता आहे. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला काढून ठेवा आणि हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागाला भेटा.

पीएफमधून आजारपणासाठी पैसे काढता येतात, ते परत भरावे लागत नाहीत. शिवाय आयकरात अशा आजाराच्या उपचारांसाठी ४० हजारांपर्यंत वजावट आहे, जुन्या करप्रणालीत.

ऋचा_वारजे
काका, २६ हजार पगारावर आयकरच बसत नाही हो.

लेखापाल
माहीत आहे. धागा इतरही वाचतात.

सातारारस्ता
रेशनकार्डावरून एक. मुलाचं नाव कार्डावर चढवलेलं असेल अशी आशा आहे. आमच्याकडे पुतणीचं नाव कधी चढवलंच नव्हतं, जन्मदाखल्यावर कसंबसं निभावलं, पण भरतीच्या दिवशी भाऊ परिमंडळ कार्यालय आणि हॉस्पिटल यांच्यात धावत होता. ज्यांच्या घरी कोणी आजारी नाही त्यांनीसुद्धा आज रात्री कार्ड काढून बघा.

पाचवा_मजला
थोडं कडू लिहितो. पीएफ काढा, सोनं मोडा हे सल्ले सोपे आहेत. आम्ही बायकोचं सगळं सोनं पहिल्या तीन महिन्यांत मोडलं आणि पुढे दोन वर्षं काढायची होती. माझं मत: मेंटेनन्समध्ये सोन्याला हात लावू नका. लागलंच तर तारण ठेवा. आणि महिन्याची भिशी असेल तर ती चालू ठेवा, नंबर मागून घ्या. भिशीतल्या बायका समजून घेतात, बँक नाही.

लेखापाल
तारणावर व्याज चढतं, ते कोण भरणार? २६ हजारांत भाडं जाऊन १७ उरतात. नको असलेला एखादा दागिना विकून मोकळं होणं मला बरं वाटतं.

पाचवा_मजला
'नको असलेला दागिना' हे तुम्ही घरात म्हणून बघा आणि मग इथे येऊन लिहा.

निवांत_नाना
लेखापाल दोन दिवस दिसले नाहीत तर समजून घ्या मंडळी.

देशी_जुगाड
पपईच्या पानांचा रस सुरू केलाय का? प्लेटलेट्स झपाट्याने वाढतात. आमच्या ओळखीत

रात्रपाळी
नाही. ताई, डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणताही काढा, रस, भस्म, काहीही नाही. याच्या गोळ्या यकृतावर भार टाकतात, त्यात अनोळखी गोष्ट गेली की काऊंट का बिघडला ते कोणालाच कळत नाही. या विषयावर मी इथे पुढे लिहिणार नाही.

कोथरूडची_कुंदा
आम्ही परळला होतो, टाटाला. सुरुवातीला दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली आणि मुंबईत राहणं जमलं. पुण्यातून जाणाऱ्यांसाठी सांगते, कॅन्सरच्या रुग्णाला उपचारांसाठी प्रवास करताना रेल्वेत स्लीपर आणि थ्री एसीचं तिकीट माफ असतं, सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के सवलत. हॉस्पिटलमधून फॉर्म सही-शिक्क्यासकट घ्यायचा.

आता नातेवाईकांबद्दल. भेटायला येणारे फळं आणतात. काऊंट कमी असताना निम्मी फळं चालत नाहीत, चिरून ठेवलेली तर नाहीतच. आमच्याकडे एका वेळी चार नारळ, दोन पपया आणि एक अननस होता आणि घरात चहाची पावडर संपलेली. शेवटी माझ्या जावेने पुढाकार घेतला. तिने कुटुंबाच्या ग्रुपवर सरळ लिहिलं: 'फळं नकोत. मंगळवारचा डबा कोण देणार, शुक्रवारी कोण, दूध-किराणा कोण, लाइटबिल कोण.' लोकांना राग नाही आला. उलट हायसं वाटलं, काय करायचं ते कळलं म्हणून. पण हे आजारी मुलाच्या आईने लिहायचं नसतं, दुसऱ्या कोणीतरी लिहायचं. तुमच्याकडे तशी नणंद-जाऊ आहे का बघा.

ऋचा_वारजे
हे फार महत्त्वाचं आहे. आईने मागितलं की मागणं होतं, जावेने लिहिलं की वेळापत्रक होतं.

गणेश_मंडळ_कार्यकर्ता
ताई, रक्त-प्लेटलेटसाठी आपल्या पेठेतल्या किंवा सोसायटीजवळच्या मंडळाशी बोलून ठेवा. दर वर्षी रक्तदान शिबिरं घेतो आम्ही, गटानुसार पोरांचे नंबर असतात. आयत्या वेळी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या मेसेजने फार वेळ जातो, आणि तो मेसेज दोन वर्षांनी पण फिरत असतो.

सातारारस्ता
खरंय. बरी होऊन शाळेत जायला लागलेल्या पुतणीसाठी अजून आम्हाला 'ओ पॉझिटिव्ह आहे, कुठे येऊ' असे फोन येतात.

आयटीवाला_बाणेर
ऑनलाइन निधी उभारण्याचा विचार केलात का? फोटो आणि व्हिडिओ टाकला की बऱ्यापैकी जमतं.

पाचवा_मजला
उपचारांना कमी पडत असतील तर जरूर करावं. पण इथे रिक्षा आणि डब्याचा प्रश्न आहे. मुलाचा टक्कल केलेला फोटो कायमचा इंटरनेटवर राहतो. तो पंधरा वर्षांचा होईल तेव्हा वर्गातली पोरं शोधून काढतील.

आयटीवाला_बाणेर
मुद्दा मान्य नाही पण समजला.

ताई_होते_मी
आयडी याच धाग्यासाठी काढलाय. मी ती थोरली होते. माझ्या भावाला थॅलेसेमिया, दर काही आठवड्यांनी रक्त. मी सातवीत होते तेव्हा घरात ठरलेलं होतं की मी समजूतदार आहे. समजूतदार मुलीकडे कोणी बघत नाही, हे मला तेव्हा कळलं.

मला काय हवं होतं ते सांगते. मोठं काही नको होतं. बाबा शनिवारी मला एकटीला बरोबर न्यायचे, तुळशीबागेत नाहीतर नुसते बाजीराव रस्त्याने चालत. दहा रुपयांची खरेदी. त्या वेळात भावाबद्दल बोलायचं नाही असा त्यांनीच नियम केला होता. आणि दुसरं, मला खरं सांगायचे. 'काही नाही गं, तापच आहे' असं म्हणून आई रात्री निघून गेली की मी पहाटेपर्यंत जागी असायचे. ताप किती आहे, कुठे चाललात, सकाळी शाळेला कोण उठवणार, एवढं सांगितलं असतं तर झोपले असते.

तिला घरातलं एक काम द्या, पण एकच. आणि ते तिचं तिला निवडू द्या. मी भावाच्या गोळ्यांचा तक्ता भिंतीवर लावला होता, रंगीत. अजून आईकडे आहे.

धायरीफाटा
हे वाचून उठून आत गेले. नंतर लिहिते.

मंडईतली_मावशी
ताई_होते_मी, तुम्ही आता काय करता?

ताई_होते_मी
बँकेत आहे. भाऊ नागपूरला नोकरी करतो आणि माझ्यापेक्षा जास्त कमावतो, नालायक.

हिशेबी_बाई
घरून कामाच्या प्रश्नाला कोणी हात लावला नाही म्हणून लिहिते, मी सध्या तेच करते. निम्म्या पैशात घेऊ नका. मालकांना तासाचा नाही, कामाचा दर सांगा: महिन्याची खरेदी-विक्रीची नोंद इतके, जीएसटीचे आकडे काढून देणं इतके, उधारीच्या याद्या इतके. मग तुम्ही रात्री अकराला करा नाहीतर ओपीडीच्या बाकावर करा, त्यांना काय. आणि दोन आठवडे आधी सांगून ठेवा की ताप आला तर मी चार दिवस नाही. हार्डवेअरवाले आहेत, मार्चएंड सोडला तर जग बुडत नाही.

खडकवासला_हवा
मला वाटतं काम घेऊच नये. मुलाचं आजारपण, सासू, थोरली, त्यात रात्री अकराला हिशेब? बाई आहे की यंत्र? नवऱ्याने एखादी ओव्हरटाइम वाढवावी.

हिशेबी_बाई
ओव्हरटाइम वाढवला की थोरलीचा शनिवार गेला. आणि खरं सांगू का, मला माझ्या एक्सेलच्या शीटने वेड लागण्यापासून वाचवलं. तिथे बेरीज बरोबर येते. पण हे ज्याचं त्याला ठरवू द्या.

रात्रपाळी
वॉर्डात दोन्ही प्रकारच्या आया बघितल्यात. काम करणाऱ्या बऱ्याच जणी जास्त टिकायच्या. पण त्यांना झोप मिळत होती का हेही बघावं लागतं.

धायरीफाटा
सगळ्यांना एकत्र उत्तर देते, वेगवेगळं लिहायला जमत नाही.

तापाचं पाकीट केलं. नवऱ्याने त्यावर मोठ्या अक्षरात लिहून देवघरात ठेवलंय, म्हणजे कोणी उगाच उघडणार नाही. घराजवळच्या लॅबचं डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले नुसत्या काऊंटसाठी चालेल, पण तपासायचा दिवस चुकवायचा नाही. मेट्रोने आलो. तो दारं उघडतात त्या बाजूला उभा राहून सगळ्यांना 'दरवाजे बंद होत आहेत' सांगत होता. एका आजींनी त्याला पगार किती असं विचारलं.

समाजसेवा विभागातल्या मॅडमना भेटले. त्यांनी उत्पन्नाचा दाखला मागितलाय, तो काढायला टाकलाय. सासूबाईंचं नाव गावच्या कार्डावर आहे, म्हणजे आमच्या पाच लाखांना धक्का नाही. लेखापालकाका, तुमच्यामुळे हे तपासलं.

सोनं: मंगळसूत्र आणि थोरलीसाठी ठेवलेल्या रिंगा सोडून काही उरलेलं नाही, त्यामुळे वाद मिटला.

मालकांना हिशेबी_बाईंसारखा कामाचा दर सांगितला. ते दोन मिनिटं गप्प होते, मग म्हणाले, 'तुम्ही असतानाची वही परत हवी आहे, तुमच्यानंतरच्या पोराने दोन व्हेंडरांना डबल पेमेंट केलंय.' पूर्वीच्या पगाराच्या पाऊणपट जमतंय. तीन महिने करून बघते. रात्रपाळी, झोपेचं लक्षात ठेवलंय. सासूबाई पहाटे उठतातच, सकाळचा डबा आता त्या बसून करतात. गुडघे दुखतात, हात नाही, असं त्याच म्हणाल्या.

थोरलीला काम निवडायला सांगितलं. मला वाटलं गोळ्यांचा तक्ता म्हणेल. तिने प्रवासाच्या खर्चाची वही मागून घेतली. रिक्षाचं मीटर आणि दिलेले पैसे असे दोन रकाने केलेत आणि फरक लाल पेनने लिहिते. काल बापाला विचारत होती, 'सुट्टे घेतले नाहीत का?' शनिवार ठरलाय, पण तिला तुळशीबाग नको, सिंहगडावर जायचंय.

निवांत_नाना
ही मुलगी पीएमपीएमएलच्या बसवर घ्या कोणीतरी.

लेखापाल
आधी माझ्याकडे पाठवा.

ऋचा_वारजे
मी वारज्याला राहते, रविवारी सकाळी आठवीच्या मुलांचं गणित घेते, चौघी-पाचजणी असतात. तिला यायचं असेल तर फी वगैरे काही नको. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे.

रात्रपाळी
एक राहिलं होतं. थोरली शाळेत, क्लासला जाते म्हणून: वर्गात कोणाला कांजिण्या निघाल्या असं कळलं तर धाकट्याला काही होण्याची वाट न बघता त्याच दिवशी हॉस्पिटलला फोन करायचा. या मुलांना कांजिण्या फार जड जातात. शाळेतल्या बाईंना आणि ऋचाताईंना सांगून ठेवा. घरातल्या मोठ्यांनी फ्लूची लस घ्यावी का तेही विचारा.

ऋचा_वारजे
नोंद केली. पालकांच्या ग्रुपवर पण टाकते, नाव न घेता.

धायरीफाटा
हे माहीतच नव्हतं. उद्याच शाळेत जाते.

मावशी, या महिन्यात वडा गेला आणि लोणचं आलंय. मिठाचं काय करू?

मंडईतली_मावशी
अगं, खजूर-लिंबाचं गोड कर. मीठ नावाला, लिंबं आधी वाफवून घ्यायची म्हणजे मऊ पडतात. थोडं करायचं, फ्रीजमध्ये ठेवायचं, आठवड्यात संपवायचं.

पाचवा_मजला
मिठाशिवाय लिंबू टिकत नाही.

मंडईतली_मावशी
आठवड्यात संपवायचं असं लिहिलंय.

कोथरूडची_कुंदा
गूळ घाला त्यात. साखरेपेक्षा छान लागतं.

निवांत_नाना
लोणच्यात गूळ? कोथरूडकरांनी कधी सुधारायचं ठरवलंय?

संपादक
लोणच्याचे पुढचे प्रतिसाद पाककृती विभागात हलवत आहे. या धाग्यावर योजनेच्या कागदांबद्दल विचारणारे दोन नवे सदस्य थांबले आहेत, कृपया त्यांना उत्तर द्या.

लेखापाल
विचारा. कार्ड कोणत्या रंगाचं आहे आणि त्यावर मुलाचं नाव आहे का, हे आधी लिहा.